कानामागचं मशीन

भिंतीवर लावायला तुमचा फोटो निवडायचा होता, तर वंदनाने नेमका तोच घेतला ज्यात तुमचे कान केसांखाली झाकलेले आहेत. मी म्हटलं, दुसरा शोध. ती म्हणाली, बाबांना हाच आवडायचा. आवडणारच. त्यासाठीच तर म्हातारपणी केस वाढवले होते तुम्ही. जन्मभर डोकं बारीक कापून घेणारा माणूस, आणि रिटायर झाल्यावर कानांवर झिपऱ्या. गल्लीतल्या बाया मला विचारायच्या, भाऊंनी काही नवस बोलला आहे का. मी सांगायची, नवस नाही, लाज आहे.

आता लोक येतात, चहा घेतात, तुमच्याबद्दल गोड गोड बोलून जातात. इथल्या मराठी मंडळाचे लोक म्हणाले, वहिनी, तुम्ही दोन पानं लिहून द्या, अंकात छापू. मी चौथी शिकलेली बाई आहे. गोड लिहिणं मला जमत नाही, आणि तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. राग गेल्यावर लिहू म्हटलं तर हा अंकच काय, पुढचेही अंक निघून जातील. म्हणून तसाच ठेवून लिहिते.

लग्न होऊन मी काटोलकडून भिलाईत आले तेव्हा मला हिंदी येत नव्हती. नळावर कोणी छत्तीसगढी बोले, कोणी तेलुगू, कोणी भोजपुरी. दिवसभर मी तोंड बंद ठेवून काम करायची. तुम्ही ड्यूटीवरून आलात की मागच्या पायरीवर बसून पाय धुवायचे, आणि मग मी सुरू व्हायची. कोणी माझी बादली सरकवली, कोणी मला पाहून हसली, भाजीवाल्याने काय दिलं आणि काय दिलं नाही. तुम्ही मधे बोलायचे नाही. पण दुसऱ्या दिवशी पाय धुताना स्वतःहून विचारायचे, "मंग त्या बादलीवालीचं का झालं वो?"

त्या एका प्रश्नावर मी या गावात टिकले. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तेव्हा सांगायची गरज वाटली नाही, आणि पुढे सांगायची सोय राहिली नाही.

तुमच्या कारखान्यातला मोठा हॅमर मी एकदाच पाहिला, विश्वकर्मा पूजेला घरच्यांना आत सोडत तेव्हा. बंद होता, फुलं वाहिलेली होती, तरी मला त्याची भीती वाटली. लाल लोखंडावर तो पडायचा तेव्हा म्हणे पायाखालची जमीन उडायची. त्याच्याजवळ तुम्ही रोज उभे. कानात घालायला बोळे मिळायचे, ते तुम्ही लोक खिशात ठेवायचे. बोळे घातले तर घाव नीट बसला की नाही ते आवाजावरून कळत नाही, असं तुमचं म्हणणं.

वर्षातून एकदा कान तपासायला डॉक्टर यायचा. ज्याला ऐकू येत नाही त्याला हॅमरवरून काढून गेटवर बसवत. गेटवर बसणं म्हणजे तुम्हा लोकांत मेल्याहून वाईट. म्हणून सगळ्यांनी मिळून युक्ती काढली होती. डॉक्टर बटण दाबून आवाज सोडतो, तो ऐकू आला की बोट वर करायचं; पण बटण दाबताना त्याचा खांदा जरासा हलतो. आवाजाकडे लक्ष द्यायचंच नाही, खांद्याकडे द्यायचं. खांदा हलला की बोट वर. जुना माणूस नव्या माणसाला हे शिकवायचा, जसा चिमट्याने लोखंड धरायला शिकवतो तसा. घरी येऊन तुम्ही हसत सांगायचे, "आमच्यातला एक बी भैरा नाही निघाला." वंदनाच्या लग्नात व्याह्यांनाही ही गोष्ट सांगितली. मांडवात सगळे पोट धरून हसले.

त्या हॅमरवर आपलं घर झालं, वंदना शिकली, हे मी नाकारत नाही. पण वर्षानुवर्षं बोट वर करून तुम्ही हॅमरला जे देऊन आलात ते माझं होतं. मला विचारलं नव्हतं.

रिटायर होऊन घरी बसलात तेव्हा आपल्यात मोजके शब्द उरले होते. जेवता का. गोळी घेतली का. फोन आहे. दार लावा. तेवढे ओरडून सांगता यायचे. ओरडून भांडताही येतं, ते आपण भरपूर केलं. पण बाकीचं बोलणं ओरडून होत नाही. माझ्या बहिणीला पोटात गाठ निघाली ते मी तुम्हाला सांगत होते, आठवतं का? तुम्हाला कळायच्या आधी शेजारची मिश्राईन दारात येऊन उभी राहिली आणि विचारू लागली, कौन से अस्पताल में है. तुम्ही तिच्याकडे आणि माझ्याकडे पाहत बसलात. त्या दिवसापासून मी कामाचं तेवढंच बोलायला लागले. बाकीचं स्वयंपाक करता करता तोंडातल्या तोंडात.

मला काही फार नको होतं. दोघांतलं एक जायच्या आधी मला या माणसाशी बसून हळू आवाजात बोलायचं होतं, पूर्वी पायरीवर बोलायची तसं. त्यासाठी कानाचं मशीन हवं होतं. तुम्हाला वाटायचं, कान तुमचा म्हणून मशीनही तुमचं. सगळं भांडण तिथून सुरू झालं.

वंदना रायपूरहून आली आणि आपल्याला नेहरू नगरच्या त्या दुकानात घेऊन गेली. तपासणीच्या खोलीला काचेची खिडकी होती. तुम्ही आत गेलात, मी बाहेर तुमची पिशवी धरून बसले. बाहेर आलात ते पास झालेल्या पोरासारखे. मशीनवाली मुलगी शिकलेली होती, नम्र होती. ती म्हणाली, मध्यम आहे, फार वाईट नाही. मला ते पटेना. मध्यम असेल तर मी इतकी वर्षं घसा कशाला फोडत होते?

तिने ट्रेमध्ये मशीनं मांडली. एक कानामागे बसणारं, त्याला नळी आणि कानात घालायचा साचा. एक तसंच, पण बारीक तारेचं. एक कानाच्या खळग्यात भरून बसणारं. आणि एक शेंगदाण्याच्या डाळीएवढं, आत गेलं की कोणाला दिसत नाही. तुमचा हात सरळ शेवटच्यावर गेला. मुलगी म्हणाली, "अंकल, टेस्ट के हिसाब से ये चल जाएगा. पर आप अपनी उँगलियाँ भी देखिए." आणि तिने त्याचा सेल तुमच्या तळहातावर ठेवला. तुमची बोटं भाजून भाजून जाड झालेली, वर साखरेची बीमारी, शेंड्यांना काही कळत नाही. सेल उचलायला गेलात तो खाली पडला. मुलगी टेबलाखाली वाकून शोधत होती आणि तुम्ही हसत होतात. मी म्हटलं, कानामागचं घ्या.

"तुले का समजते त्यातलं? कान माहा हाय."

"कान तुमचा हाय. ओरडून तं मी राहिली."

वंदनाने माझा पदर ओढला. मुलीने एवढंही सांगितलं की कानामागचं घरी नेऊन काही दिवस वापरून पाहता येतं, हे लहान मात्र तुमच्या कानाच्या मापाचं बनतं, मग बदलत नाही. ऐकलं नाही तुम्ही. म्हणजे ते तर तुम्हाला ऐकूच आलं नसेल.

कानामागचं तुम्हाला का नको होतं, ते मला माहीत होतं. बावनकर. तुमच्याच हॅमरवरचा माणूस, चौकातल्या चहाच्या ठेल्यावर रोज तुमच्याशेजारी बसणारा. त्याने तुमच्या आधी कानामागचं मशीन लावलं. त्याला अँटिना हे नाव कोणी ठेवलं? तुम्ही. रोज त्याला विचारायचे, "आज का लागून राहिलं, रायपूर का नागपूर?" अख्खा ठेला हसायचा. ज्याने दुसऱ्याला इतकं हसवून ठेवलं तो स्वतःच्या कानामागे तेच कसं लावणार? दिसणारं मशीन म्हणजे तुमच्या मनात अजूनही गेट होतं. कारखाना सुटला, हॅमर सुटला, पण गेटवर बसवतील ही भीती घरी आणलीत.

मग ते लहान मशीन आलं. उशी जवळ आली की शिट्टी. शाल घेतली की शिट्टी. मळ अडकला की बंद. सेल बदलायला वंदना येईपर्यंत थांबायचं, कारण माझ्याही बोटांना ते जमेना. पण सेल संपला तरी तुम्ही ते कानात घालून बसायचे आणि समोरचा बोलेल त्याला मान डोलवायचे. साहू आला होता, तुमच्याच खात्यातला, डोंगरगावचा. आपली आई गेल्याचं सांगत होता. तुम्ही हसून म्हणालात, "बढिया, बढिया." साहू भला माणूस. कप खाली ठेवून निघून गेला. त्याच्या पाठीकडे पाहून तुम्ही मला विचारलं, "कावून गेला वो हा, भजे तं खाल्ले नाही."

मी वंदनाला फोन केला. म्हटलं, पुन्हा ने त्या दुकानात, आणि या वेळी आत मी बसणार.

आत बसले आणि मला लगेच दिसलं. मुलगी तपासणीच्या यंत्रामागे, तुम्ही कानांवर मोठा हेडफोन लावून समोर, आणि तुमची नजर तिच्या उजव्या खांद्यावर. ती बटण दाबायची, खांदा हलायचा, तुमचं बोट वर. एकदाही चुकलं नाही. पुढे तिने शब्द म्हणायला सांगितले, तर तुम्ही तिच्या ओठांवरून वाचून म्हटले. कारखान्यात जी शिकलात ती विद्या तुम्ही ज्या माणसाला फसवायचं नाही त्याच्यावर चालवत होतात. स्वतःवर. मुलीला कसं कळणार? तिच्या बापाने कुठे हॅमर चालवला होता?

मी म्हटलं, "बेटी, इनको पीठ फिराके बिठाओ."

तुम्ही माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तसं कधी पाहिलं नव्हतं. मग मुलीने खुर्ची फिरवली. समोर नुसती भिंत, तुमची मान ताठ. ती बटण दाबत राहिली, आवाज वाढवत राहिली. हेडफोनबाहेर मलाही तो ऐकू यायला लागला, पण तुमचं बोट मांडीवरून उठलं नाही. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण खुर्ची परत फिरवा असं मी म्हटलं नाही, आणि आज विचारलं तरी म्हणणार नाही.

ऑटोत तुम्ही बोललात. "त्या पोरीसमोर माही इज्जत घेतली तू."

"त्या पोरीच्या खांद्यावर कावून ठेवली होती इज्जत?"

त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाहीत. आपल्या घरात त्याने विशेष फरक पडला नाही.

लहान मशीनमध्ये तुमच्यासाठी पुरेल एवढा आवाजच बसत नाही, हे मुलीने कागदावर चित्र काढून समजावलं. कानात गुलाबी लगदा भरून साचा घेतला आणि कानामागचं मशीन आलं. तुम्ही ते घेतलं, पण लावायचे कसे? घरात, दार बंद करून. बनियनवर बसावं तसं. बेल वाजली की तुम्हाला ती ऐकू यायची, आणि ऐकू आली की मशीन काढून खिशात. मग तुम्ही भैरे होऊन दार उघडायचे. चौकात जाताना तो लहान शेंगदाणा कानात, वर झिपऱ्या, चालो न चालो. बावनकरपुढे तुम्ही शेवटपर्यंत चांगल्या कानाचे राहिलात.

पण घरात एक गोष्ट झाली, तेवढी मी लिहिते. मी कणीक मळत होते आणि नेहमीसारखी बोलत होते. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिलात, कानामागे मशीन.

"हे कोणाले बोलून राहिली तू?"

"तुमाले."

"रोज बोलते?"

"रोजच."

तुम्ही माझे कणकेचे हात पाहिले. मग म्हणालात, "मले वाटे, तू चूप राहते."

सगळ्या गावाला सांगत आलात, आमची बाई अबोल आहे, तिचा काही त्रास नाही. मी अबोल. अहो, तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार मी त्या ओट्याशी उभी राहून केला आहे. ते ऐकून तुम्ही चिडाल असं मला वाटलं. तुम्ही स्टूल ओढलं आणि बसलात. म्हणालात, "बोल मंग आता."

इतकी वर्षं वाट पाहिली, आणि माणूस समोर बसून विचारतो तर मी परातीकडे वळले. मी म्हटलं, आधी पोळ्या होऊ द्या. तुम्ही पोळ्या होईपर्यंत बसलात. दुसऱ्या दिवशी पुन्हा स्टूल ओढलं. मी गल्लीतलं सांगितलं, कोणाच्या सुनेला नोकरी लागली, कोणाचा कुत्रा मेला. जे खरं सांगायचं होतं त्याच्या आजूबाजूने आपण दोघं फिरत होतो. आवाज मात्र हळू होता. शेजारी ऐकू जात नव्हता. मिश्राईन एकदा विचारून गेली, तबियत ठीक है ना, आजकल आवाज नहीं आती. त्या संध्याकाळींसाठी मी तुमचे आभार मानते. दुसऱ्या कशासाठी मागू नका.

मग तुम्ही चौकात गेलात आणि तिथेच छातीत कळ आली. कानात काय होतं? तोच शेंगदाणा.

दवाखान्यात मी पोहोचले तेव्हा नर्सने ते काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिलं. तुमच्या एका हाताला सलाईन, दुसऱ्या हाताच्या बोटाला चिमटा. तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहत होतात. मी ते तुमच्या कानात घालायला गेले. कोणत्या बाजूने जातं तेच कळेना. एकदा चादरीच्या घडीत पडलं, एकदा कानाच्या तोंडाशी अडकून शिट्टी मारायला लागलं. नर्स ओरडली, अम्मा, ये सब मत करो. आजूबाजूला सगळे मरायला टेकलेले लोक. तिथे मी ओरडून काय सांगणार होते? मोठ्याने विचारलं, बरं वाटते का. तुम्ही मान डोलवली. तुमच्या मान डोलवण्यावर माझा कधीच विश्वास नव्हता.

दुसऱ्या दिवशी वंदनाने घरून मोठं मशीन आणलं. ते मला लावता आलं. साचा दाबला, मशीन मागे अडकवलं, झालं. दुकानात त्या ट्रेसमोर होतो तेव्हा दिसणं, न दिसणं यावरच आपण भांडलो. आपले हात बांधलेले असतील तेव्हा ते दुसऱ्या कोणाला लावता येईल का, हे ना तुम्ही विचारलं ना मी.

तुमचे डोळे हलले. म्हणालात, "केवढा आवाज हाय इथं." मी वाकले. मला जे सांगायचं होतं ते ओठांवर आलं होतं, या वेळी खरंच आलं होतं. तेवढ्यात तुम्हीच म्हणालात, "चौकातले लोकं येतील तं हे काढून ठेवजो."

मी म्हटलं, नाही काढणार.

आणि ते आलेच. बावनकर आणि साहू. गार्ड म्हणाला, दोघांच्या वर आत थांबता येत नाही, अम्मा आप बाहर आओ. मी काचेच्या पलीकडे उभी राहिले. बावनकरला तुमचा कान दिसला. मला वाटलं, आता हा सगळ्या वर्षांचं उट्टं काढतो. त्याने काही केलं नाही. तुमच्या कानाशी वाकला आणि बोलू लागला, साध्या आवाजात, ठेल्यावर बोलतात तसं. साहू पायाशी उभा राहून बोलला. तुम्ही उत्तरं देत होतात. एकदा हसलात, मी पाहिलं. बोलता बोलता भेटायची वेळ संपली आणि पडदा ओढला. मी भांडून, तुमचे शिव्याशाप घेऊन, तुम्हाला कान आणून दिला, आणि त्यात शेवटचं बोलला बावनकर. त्या दोघांवर माझा राग नाही. ते हात जोडून बाहेर आले, साहूचे डोळे भरलेले होते. राग तुमच्यावर आहे. ते दार बंद करून मशीन लावायचे दिवस तुम्ही आधीच सुरू केले असते, तर मला काचेपलीकडे रांग लावावी लागली नसती.

सकाळी दवाखान्यातून फोन आला.

वंदना म्हणते, आई, जे सांगायचं राहिलं ते यात लिही, मन मोकळं होईल. मंडळाचे लोकही तेच म्हणाले. मी नाही लिहिणार. हे छापून घरोघरी जाईल. बावनकर वाचेल, साहूला हिंदीत सांगेल, कोणीतरी मिश्राईनलाही वाचून दाखवेल. माझ्यासाठी हे ओरडण्यासारखंच आहे, आणि ओरडणं मी खूप केलं. ते हळू सांगायचं होतं, आणि ऐकायला तुम्ही लागत होतात.